आप्पांची गाळलेली वीज

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. गाव कोणतं, घरी कोण कोण, लग्न कधी करणार, पाहुणे फार येतात का. पाटोद्याच्या शाळेत इतिहास शिकवायला रुजू झाले त्या आठवड्यात मी ही परीक्षा बऱ्याच ओट्यांवर दिली होती. या घरमालकांनी मात्र मला खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझा घोट पोटात उतरायच्या आत पहिला प्रश्न टाकला.

"बाई, तुमच्या पंख्याला रेग्युलेटर कोणता हाय? जुना ठोकळ्याचा का नवा इलेक्ट्रॉनिक?"

मी म्हटलं, "माझ्याकडे पंखाच नाही."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "लई बेस! अन् इस्त्री?"

"आहे."

"कधी करता?"

"सकाळी. शाळेला निघायच्या आधी."

"सकाळी चालंल. सांजच्याला न्हाई चालणार. अन् ट्यूबलाइट लावायची न्हाई, तिचा चोक लई घाण करतोय विजेत. बल्ब लावा. एक काय दोन लावा, मी देतो."

आतून बायकी आवाज आला, "अहो, बाईंना आधी खोली तर दाखवा. विजेचं पुराण मग लावा."

माणूस डोक्याने सरकलेला आहे, हे माझ्या लक्षात आलं. पण खोली माडीवर होती, हवेशीर होती, आणि आतला आवाज शहाण्या बाईचा वाटत होता. मी हो म्हटलं. त्या घरात मी राहिले त्या वर्षांइतकी मजेची वर्षं माझ्या वाट्याला पुन्हा आली नाहीत, हे इथेच सांगून टाकते.

गाव त्यांना आप्पा म्हणत असे, मीही आप्पाच म्हणायचे. उंच, काटकुळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी वीज तपासायचा टेस्टर. बाजारपेठेत त्यांचं वडिलोपार्जित भांड्यांचं दुकान होतं. बाकीच्यांच्या दुकानात गिऱ्हाईक भांडं उलटंपालटं करून डोळ्यांनी बघायचं. यांच्या दुकानात भांडं आप्पांच्या कानाजवळ जायचं. हंडा उचलायचा, टिचकी मारायची, डोळे मिटायचे. "घ्या, शंभर वर्सं फुटायचा न्हाई," असं म्हणाले की गिऱ्हाईक निमूट घेऊन जायचं. दुसऱ्या दुकानातून घेतलेली घागरसुद्धा लोक यांच्याकडे वाजवून घ्यायला आणत, आणि आप्पा विनातक्रार वाजवून देत. डोळ्याला न दिसणारी चीर ते नखाने दाखवायचे. तेव्हा कान खरोखरचा होता, यात शंका नाही. घोटाळा कानात नव्हता.

हाच कान संध्याकाळी घरी आला की गाण्याला लागायचा. रस्त्याकडच्या बैठकीच्या खोलीत त्यांनी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, पुण्याहून आणलेला अँप्लिफायर आणि गावच्या सुताराकडून सागवानात करून घेतलेली, माझ्या खांद्याला लागतील अशी दोन स्पीकरची खोकी मांडली होती. सुताराने त्या खोक्यांना देव्हाऱ्याची नक्षी काढली होती. त्याला दुसरी नक्षी येत नव्हती.

पण खोलीत गेल्यावर डोळ्यात भरायचं ते हे नव्हे. भरायची ती भिंतीकडेची डब्यांची पंगत. आधी काट्याचा स्टॅबिलायझर. तो मधेच टक्‌ टक्‌ करायचा. मग कुणा ओळखीच्या माणसाने पत्र्याच्या पेटीत बसवून दिलेला फिल्टर. आणि सगळ्यात शेवटी सीव्हीटी नावाची एक लोखंडी पेटी. चार माणसांनी उचलावी इतकी जड. ती दिवसभर एका सुरात घुमायची आणि अशी तापायची की थंडीत घरातली मांजर तिच्यावरून उठायची नाही. वीज भिंतीतून निघायची, या तिघांच्या पोटातून जायची आणि मग कुठे गाण्याला मिळायची.

"बाई, बोअरचं पाणी तुमी न गाळता पिता का?" आप्पा विचारायचे.

"नाही."

"मंग वीज कावून न गाळता घ्यायची? ती कुठून कुठून आलेली. वाटंत कुणाची गिरणी, कुणाची वेल्डिंग, कुणाची मोटर. सगळ्यांचा गाळ घेऊन येतीय. तसलीच गाण्याला पाजायची?"

या प्रश्नाचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात नसतं.

संध्याकाळचा त्यांचा नेम बघण्यासारखा असे. दुकान बंद करून आले की हातपाय धुवायचे, आणि मग घरभर फिरून एकेक बटण बंद करायचं. फ्रिज बंद. परसातला दिवा बंद. मग जिन्याखाली उभं राहून मला हाक, "बाई, वर काय चालू हाय?" मी म्हणायचे, "बल्ब." "चालू द्या." त्यानंतर परसात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी. तिथे त्यांनी कोळसा आणि मीठ घालून तांब्याचा पत्रा पुरला होता आणि तो ओला राहिला पाहिजे, नाहीतर विजेतली घाण जमिनीत जात नाही, असा त्यांचा सिद्धांत. पाटोद्यात उन्हाळ्यात पाण्याची काय तऱ्हा असते ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल. टँकरच्या रांगेतून आणलेल्या पाण्यातली बादली खड्ड्यात जाताना बघून आप्पांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, जीव तुटायचा.

"तुळशीला तांब्या अन् ह्या खड्ड्याला बादली," त्या मला म्हणायच्या. "देव कोणता मोठा ते बघा."

मग डबे एकामागून एक सुरू करायचे आणि हाताची घडी घालून थांबायचं. "निवळू द्या," असं ते म्हणत. वीज निवळली की सुई रेकॉर्डवर उतरायची. त्यानंतर घरात मिक्सर लावायला बंदी होती, इस्त्रीला बंदी होती, दाराच्या घंटीला तर कायमचीच बंदी होती. काकू चटणी पाट्यावर वाटायच्या. बाहेरगावी असलेल्या सुनेच्या माहेरून आलेला मिक्सर खोक्यातच पडून होता, कारण सकाळी दुकानाची घाई आणि संध्याकाळी गाणं.

हसून सोडून द्यावं, तर हा माणूस मधेच असा काही खरा ठरायचा की आपलंच तोंड बंद व्हावं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सांगते. माईकमधून घूंऽऽ असा गुंगाट येत होता की मुलींचं स्वागतगीत त्यात बुडून गेलं. माईकवाला बटणं फिरवून दमला. आप्पा पालकांच्या रांगेतून उठले, मांडवामागे गेले, खिशातल्या टेस्टरने इकडेतिकडे टोचून बघितलं, आणि परत येऊन सरळ व्यासपीठावर चढले. प्रमुख पाहुण्यांसमोर पाण्याचा जग होता. तो त्यांनी उचलला. पाहुण्यांना वाटलं आपल्यालाच पाणी देताहेत, म्हणून त्यांनी पेला पुढे केला. आप्पा जग घेऊन खाली उतरले आणि शाळेच्या वाळलेल्या अर्थिंगवर सगळा उपडा केला. गुंगाट बंद! मुख्याध्यापकांना हसावं की रडावं कळेना. पाहुणे भाषणभर तहानलेले राहिले, पण त्यांचा शब्द न शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला.

पहिला डबासुद्धा त्यांनी उगाच घेतला नव्हता. मोटरी चालू झाल्या की गावातलं व्होल्टेज असं खाली जायचं की बल्बची तार नुसती लाल दिसायची, आणि मधेच असं उसळायचं की बल्ब फुटायचा. अशाच एका उसळीत त्यांचा आधीचा अँप्लिफायर धूर सोडून गेला होता. स्टॅबिलायझर तेव्हा आला. त्याने काम केलं. मग एका डब्याने इतका फायदा झाला तर दोनाने किती होईल, या हिशेबाने दुसरा आला, आणि दोनामागे तिसरा. पाटोद्यात त्या वर्षांत सगळीच नवी यंत्रं येत होती. कुणाकडे रंगीत टीव्ही, कुणाकडे डिश. आप्पांकडे डबे.

या सगळ्याला उघड विरोध करणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचे बालमित्र गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले, मठातल्या भजनात तबला वाजवणारे, धोतर नेसणारे. ते रोज संध्याकाळी यायचे, रोज ऐकायचे आणि रोज नापसंती दाखवायचे.

"काय बे आप्पा, ह्यो डग्गा वाजतोय का उशी बडवतोय कुणी?"

"तुझ्या कानात मळ हाय."

"माझ्या बोटात घट्टे हायेत डग्ग्यानं पडलेले. डग्गा दम सोडतो बे. हित त्याला दमच न्हाई. तुझ्या त्या लोखंडी पेटीनं गळा आवळलाय त्याचा."

"गाळ न्हाई म्हणून तुला कमी वाटतंय. तुला गढूळ प्यायची सवय लागली."

"अरे गाळता गाळता पाणीबी राहिलं का बघ की!"

मग दोघेही चिडायचे, काकू चहा आणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी मधे बसून दोघांना हो म्हणायचे. मला खरंच काही कळत नव्हतं. मला ते गाणं आवडायचं आणि त्याहून जास्त हे भांडण आवडायचं.

असं अनेक वर्षं चाललं असतं. पण त्या सुमाराला काकूंनी एक गोष्ट मनावर घेतली.

त्यांना रस्त्याकडच्या खोलीत एसटीडी बूथ टाकायचा होता. त्यांनी ते मला आधी सांगितलं, धुणं वाळत घालताना. पाटोद्याच्या आसपासच्या वाड्यांवरून निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची ती उन्हाळ्यातच परत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना, लेकराबाळांना माणूस जिवंत आहे की आजारी आहे, कळायला मार्ग नसायचा. "मुकादमाच्या हाती निरोप येतोय, तोबी अर्धा," काकू म्हणाल्या. "आपली खोली स्टँडवरून दिसती. बाया येतील, बोलतील. अन् बाई, खरं सांगू? मला माझं कायतरी करायचंय. दहावीपर्यंत शिकले, ती आजवर हिशोबाला बसले न्हाई कधी. लेकरं मार्गी लागली. आता मी काय फक्त बटणं बंद करत बसू?"

त्यांनी अर्ज केला होता, तो मंजूरही झाला होता. टेलिफोनचा माणूस जागा बघून जाणार होता. नवऱ्याला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

आप्पांनी ऐकलं आणि ते घाबरले. चिडले असते तर बरं, पण ते खरोखर घाबरले. तोंड उतरून गेलं. बूथला त्यांची ना नव्हती, पण ही खोली गेली तर गाणं माजघरात जाणार. माजघरात डबे मावणार नाहीत, अर्थिंगची तार तिथवर जाणार नाही. म्हणजे गाणं भिंतीतल्या विजेवर. "म्हंजे मेलंच म्हणा की," ते म्हणाले. दोन दिवस त्यांनी रेकॉर्ड लावली नाही. त्या घरात दोघं एकमेकांशी मोठ्याने बोलायची नाहीत, त्यामुळे भांडणही झालं नाही. नुसती शांतता. मला ती माडीवर सोसेना.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, गुरुजी आणि मी समोर असताना, काकूच म्हणाल्या, "ह्या डब्यांनी खरंच फरक पडतो का, ते मला दाखवा. डोळे बांधून. फरक पडला तर मी बूथचं नावबी काढणार न्हाई. न्हाई पडला, तर खोली माझी."

आप्पांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. "कबूल! आत्ता बांधा!"

डोळे रविवारी बांधले. काकूंनी सगळी आखणी अशी केली होती की मी बघत राहिले. भिंतीतल्या बोर्डावरून एक सरळ तार काढून डब्यांच्या तारेशेजारी आणली होती. "डबे सारखे चालूच ठेवायचे," त्या म्हणाल्या, "न्हाईतर त्या पेटीच्या घुमण्यावरून ह्यांना कळंल." दर वेळी अँप्लिफायर बंद करायचा, पिन काढायची, कधी ती दुसरीकडे लावायची, कधी नुसती काढून परत तिथंच. ते काम त्यांचं. आवाजाचं बटण हलू द्यायचं नाही आणि सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवायची, ते काम माझं. त्या सुईला आप्पा सोडून कुणी हात लावायचा नसे. गुरुजींना पंच नेमलं होतं. आप्पा खुर्चीत बसले, काकूंनी त्यांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं, गाठ जरा जास्तच आवळून.

रेकॉर्ड तबल्याची होती. गुरुजींचा आग्रह.

पहिल्यांदा वाजली. आप्पांनी मान वर केली, आणि हसू पसरलं. "हा डब्यातला. ऐक गुरुजी, ऐक! डग्गा कसा भरून बोलतोय. आता म्हण उशी."

पिन बदलली. मी सुई ठेवली. आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा भिंतीतला. कोंडलाय बिचारा. काढा, काढा."

पुन्हा. "हा डब्यातला."

पुन्हा. या वेळी काकूंनी पिन काढून तिथेच लावली होती. आप्पा फसले नाहीत. "अगं, बदललं न्हाईस तू. डब्यातलाच हाय."

असं बराच वेळ चाललं. एकदाही अडखळले नाहीत, एकदाही "बहुतेक" म्हणाले नाहीत. दर वेळी दोन-चार ठोक्यांतच निकाल. मी पिनेकडे बघत होते, काकू पिनेकडे बघत होत्या, आणि गुरुजींनी धोतराचं टोक तोंडात कोंबलं होतं. ते हसण्याने गदागदा हलत होते. कारण आप्पा ज्याला डब्यातला म्हणत होते तो प्रत्येक वेळी सरळ भिंतीतला होता. आणि ज्याला काढा, काढा म्हणत होते, तो तिन्ही डब्यांतून गाळून आलेला.

काकूंनी गाठ सोडली. आप्पांनी डोळे मिचकावले. "सांगा. किती चुकलं?"

"समदं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. "बे आप्पा, समदं उलटं! ज्याला भरून बोलतोय म्हणालास त्यो भिंतीतला! तुझा डग्गा इतकी वर्सं त्या पेटीत गुदमरत व्हता बे!"

आप्पांनी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं. मीही हलवली. ते खुर्चीत मागे टेकले आणि छताकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. ती मला मुळीच आवडली नाही.

"पण फरक पडला ना?" ते म्हणाले. "ठरलं काय व्हतं? फरक पडला तर खोली माझी. उलटा पडला, सुलटा पडला, त्याचं काय? पडला का न्हाई?"

गुरुजींचं हसू थांबलं. ठरलं तसंच होतं. आम्ही तिघं साक्षीदार. काकूंनी उपरण्याची घडी घातली, ती खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि "व्हय. तसंच ठरलं व्हतं," एवढंच म्हणून चहा टाकायला आत निघून गेल्या. मला आप्पांचा असा संताप आला की खोली सोडायची, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आप्पा उठले. त्यांनी आपल्या हाताने पिन डब्यातून काढली आणि भिंतीच्या तारेत लावली. सुई रेकॉर्डच्या अगदी सुरुवातीला ठेवली. उभ्या उभ्याच ऐकू लागले. मग स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून ऐकलं, हंड्याला ठेवायचे तसाच. तबला खोलीभर बोलत होता. मला काही कळत नाही असं मी म्हणाले, पण त्या दिवशी मलाही कळलं. अंगणात कुणीतरी येऊन बसून वाजवावं इतका तो जवळचा होता. मधे गिरणी सुरू झाली तेव्हा बारीकशी खरखर आली आणि गेली. आप्पांनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही. एक बाजू पूर्ण संपली.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली. "ये हिकडं. चहा राहू दे."

काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"बस." त्यांनी आपली खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकू बसल्या. आप्पांनी तीच बाजू पुन्हा लावली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले.

"कावून न्हाई सांगितलंस मला कधी?" मधेच ते म्हणाले.

"काय?"

"की हे डबे गळा दाबतेत म्हणून."

"मला कुठं ऐकू दिलंत तुमी?" काकू म्हणाल्या. "तुमचं गाणं चालू असताना मी कायम पाट्यावर."

आप्पा हसायला लागले. आधी हळूच, मग मोठ्याने, आणि मग असे की गुरुजींना त्यांची पाठ चोळावी लागली. इतक्या वर्षांचं आपलं शास्त्र एका दुपारी उताणं पडलेलं बघून एवढ्या आनंदाने हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाले, "लई झाक वाजतंय गं! गाणं माजघरात न्हेऊ. तिथं भिंतीला बोर्ड हाय, मला आता दुसरं काय लागतं? त्या टेलिफोनवाल्याला उद्याच ये म्हणावं. खोली तुझी."

मी खोली सोडायचा बेत तिथेच मोडला.

बूथ झाला. काचेची केबिन आली, पिवळी पाटी लागली, काकू इस्त्रीची साडी नेसून गल्ल्यावर बसू लागल्या. वाड्यांवरच्या बायका येऊन कारखान्याच्या गावी फोन लावायला सांगायच्या, आणि पलीकडून माणूस बोलला की केबिनमध्ये हमखास रडायच्या. तिकडून फोन आला तर काकू नाव-वाडी लक्षात ठेवून स्टँडवर कुणाच्या तरी तोंडी निरोप धाडायच्या. सहा महिन्यांत तालुका त्यांना ओळखायला लागला, आणि आप्पांची ओळख भांडीवाल्यावरून बूथवाल्या काकूंचे मालक अशी झाली. त्यांना ती आवडली असावी. माजघरातून गाणं चालू असायचं, आणि रांगेत आपला नंबर लागूनही एखादी म्हातारी म्हणायची, "जरा थांब गं, एवढं होऊ दे."

एकच अडचण आली. फोनच्या बिलाचे आकडे दाखवणारं बूथमधलं लहानसं यंत्र गिरणी सुरू झाली की बावचळायचं. लाल आकडे उड्या मारायचे, छापून येणारी चिठ्ठी भलतंच सांगायची, आणि काकू वैतागायच्या. आप्पा येता-जाता बघायचे आणि मिशीत हसायचे. शेवटी एक दिवस काकूंनीच विषय काढला.

"अहो, ते तुमचे डबे..."

"कोणते डबे?"

"आता नाटक नका करू."

आप्पांनी ते आधीच झाडूनपुसून ठेवले होते. त्याच दिवशी पंगत परत त्या खोलीत आली, अर्थिंगची तार जोडली गेली, आणि यंत्र असं शहाण्यासारखं वागायला लागलं की टेलिफोनचा माणूसही चकित झाला. "यंत्राला गाळून, गाण्याला न गाळता," हे आप्पांचं नवं शास्त्र त्या दिवसापासून सुरू झालं. ते तितक्याच जोमाने सगळ्यांना सांगायचे. गुरुजी म्हणायचे, याला खोटं पाडलं तरी हा प्रवचन सोडत नाही.

पुढे माझी बदली अंबाजोगाईला झाली. लग्न ठरलं तेव्हा पहिली बातमी त्या दोघांना द्यावी म्हणून मी तिथल्या बूथवरून पाटोद्याला फोन लावला. फोन काकूंनी उचलला, माझा आवाज ऐकून त्या इतक्या मोठ्याने "बाई!" म्हणाल्या की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. मी काही सांगणार तेवढ्यात आप्पांनी त्यांच्या हातातून फोन घेतला. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

"बाई, नेमक्या वेळंला आलात. डोळे मिटा."

"अहो आप्पा, मी बूथमध्ये आहे, मागे रांग आहे..."

"मिटा की! आता सांगा, ह्यो आवाज कसा येतोय?"

मी मिटले. "चांगला येतोय."

"थांबा हं." काहीतरी खरखरलं. "अन् आता?"

मी नीट ऐकलं. मीटर पळत होता, मागचा माणूस काचेवर टकटक करत होता, तरी नीट ऐकलं. "आता जास्त चांगला आहे. मोकळा येतोय. पहिला जरा कोंडला होता."

पलीकडे स्फोट व्हावा तसे सगळे हसले. आप्पा, काकू, आणि मागून गुरुजीसुद्धा. कितीतरी वेळ कुणाला बोलता येईना. शेवटी काकूंनी फोन घेतला.

"अहो बाई," त्या धाप लागल्यासारख्या म्हणाल्या, "काय बी बदललं न्हाई हो ह्यांनी! फोन नुसता ह्या हातातनं त्या हातात घेतला!"

मलाही असं हसू आलं की काचेबाहेरची रांग माझ्याकडे बघत राहिली. हसता हसता फोन कधी ठेवला ते कळलं नाही. बाहेर आल्यावर लक्षात आलं की लग्नाचं सांगायचंच राहिलं, आणि मी परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. पण कुणी काही म्हणो, दुसऱ्या हातातला आवाज खरंच जास्त मोकळा होता.